तहान की रीत?

आमच्या वारज्याच्या सोसायटीत डॉ. पेंडशांकडे गेलात, तर पाणी मिळतं. पण आधी परीक्षा होते. "खरंच तहान लागलीय, की रीत म्हणून?" दारातच विचारतात. रीत म्हणालात, की विषय संपला. तहान म्हणालात, तर अर्धं भांडं. एकदा आमचे व्याही तिथून तसेच परत आले आणि म्हणाले, "तुमच्या शेजाऱ्यांना पाहुणे आवडत नाहीत वाटतं?" मी म्हटलं, "आवडतात. कोरडे."

पेंडसे पाण्यावर संशोधन करतात. आयुष्यभर तेच केलं, पण कायम नोकरी अशी कधी लागली नाही. एक प्रकल्प संपायचा, की दुसरा मिळेपर्यंत घरी. त्यामुळे "काय डॉक्टर, कसं काय?" याला त्यांचं ठरलेलं उत्तर, "सध्या मुदतवाढ आहे." बायको गेली तेव्हा भेटायला आलेल्यांनाही "मुदतवाढ मिळाली नाही हो," एवढंच म्हणाले. लोकांना माणूस कोरडा वाटला. मलाही वाटला, खोटं कशाला बोलू.

मुलगी सई बापाच्याच वळणावर गेली. ती सौरऊर्जेवर काम करते, परदेशात, दर दोन-तीन वर्षांनी देश बदलत. इथे होती तेव्हा बापलेकीचं भांडण जिन्यापर्यंत ऐकू यायचं आणि विषय एकच, "सई, नळ!" पोरगी दात घासताना नळ चालू ठेवायची. यंदा पुण्यातल्या एका संस्थेत कायम जागा निघाली. सईने अर्ज केला, मुलाखत दिली, आणि इकडे पेंडशांनी तिची खोली रंगवून घेतली. रंगाऱ्याला ब्रश धुवायला पाणी मापून दिलं, ते सोडा. पण मला जिन्यात थांबवून म्हणाले, "पोरगी येईल बहुतेक." मुदतवाढीचं नाव नाही.

त्याच सुमारास त्यांच्या नव्या प्रकल्पासाठी आमच्या प्रत्येक फ्लॅटला पाण्याचा मीटर बसला. मी सेक्रेटरी, त्यामुळे शिव्या मी खाल्ल्या. वार्षिक सभेत डॉक्टरांनी पडद्यावर सोसायटीचा नकाशा दाखवला. राहती घरं निळी, बंद घरं करडी. घरोघर चौकशा करत बसायला नको म्हणून त्यांनीच नियम बांधला होता, की पाण्याचा वापर फारच कमी असेल तर घर बंद धरायचं आणि अभ्यासातून वगळायचं.

मागून जोशीकाकूंचा आवाज आला, "अहो डॉक्टर, तुमचंच घर करडं दिसतंय की!"

खरंच होतं. सभा खो खो हसली. मीही हसलो. पेंडशांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"नियम बरोबर आहे," ते म्हणाले. "एकट्या माणसाचा विचार करायचा राहिला." आणि खाली बसले. पुढचं काही दाखवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. दार उघडं होतं आणि आतून नळाचा आवाज येत होता. या घरात! मी तसाच आत घुसलो. सईच्या खोलीला लागून असलेल्या बाथरूममध्ये नळ वाहत होता, खाली बादली होती, आणि डॉक्टर तिच्या पलंगावर बसून नुसते ऐकत होते. खोलीला अजून नव्या रंगाचा वास होता.

"अहो, पाणी!"

"बादलीत पडतंय. झाडांना घालीन." मग म्हणाले, "सईला तिकडेच कायम केलं. इथली जागा यंदा भरणार नाहीत म्हणे. मीच सांगितलं, घे. मुदतवाढीवर जगू नकोस माझ्यासारखी."

त्यांचे कान अजून नळाकडेच होते.

"असाच आवाज यायचा सकाळी. मी उगाच ओरडायचो तिला."

बादली भरली तसे ते उठले आणि त्यांनी नळ घट्ट बंद केला. घर एकदम शांत झालं. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

"पाणी द्या, डॉक्टर."

"खरंच तहान लागलीय, की..." सवयीने त्यांच्या तोंडून निघालंच.

"रीत म्हणून."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग स्वयंपाकघरात गेले आणि दोन भांडी घेऊन आले. दोन्ही काठोकाठ भरलेली.