लॉबीतली लाल खुर्ची

दुपारी बारा वाजता फ्लॅटच्या किल्ल्या मिळणार होत्या, म्हणून यादिरा सकाळी नऊलाच नव्या इमारतीच्या लॉबीत येऊन उभी राहिली. शिकागोच्या अठराव्या रस्त्यावरची ही सहा मजली काचेची इमारत नेमकी तिथेच उभी होती, जिथे पूर्वी तिचं जुनं घर होतं. भाडं झेपेना म्हणून अकरा वर्षांपूर्वी आईवडिलांबरोबर तिला ही वस्ती सोडून सिसेरो या उपनगरात जावं लागलं होतं. आता ती इस्पितळात मुख्य परिचारिका होती आणि तिसऱ्या मजल्यावरचा, भांडी धुणारं यंत्र असलेला, खिडकीतून चर्चचा कळस दिसणारा फ्लॅट तिला मिळणार होता. आनंदाने तिला रात्रभर झोप नव्हती.

इमारतीचा व्यवस्थापक कॉलिन हा ओहायोहून आलेला, अत्यंत सभ्य आणि अत्यंत इस्त्रीचा तरुण. या वस्तीवर त्याचं मनापासून प्रेम होतं. फक्त ती त्याने अजून नीट पाहिली नव्हती, कारण तो तळघरातल्या गाडीतळातून लिफ्टने यायचा आणि तसाच जायचा. त्याने यादिराला लॉबी दाखवताना एका दोरीआड ठेवलेल्या वस्तूपाशी थांबून बरंच काही सांगितलं, पण यादिराची मान वर झुंबराकडे. तिने नुसतं "हो, छान" म्हटलं आणि ती व्यायामशाळा बघायला त्याच्यामागे पळाली.

तेवढ्यात तिचे वडील हासिंतो, ज्यांना वस्तीत सगळे आदराने 'डॉन हासिंतो' म्हणत, सामानाची पहिली खेप घेऊन आले. रात्री फूटभर बर्फ पडला होता. त्यांनी फावडं काढलं आणि इमारतीसमोर ट्रकपुरती जागा साफ केली. वय अडुसष्ट, पण तासाभरात रस्ता काळा दिसायला लागला. सामान लॉबीत उतरवलं आणि दुसऱ्या खेपेला निघताना त्यांच्या ध्यानात आलं, की जागा राखायला काही नाही. शिकागोत बर्फ ज्याने उपसला त्याची जागा, आणि जागेवर खुर्ची ठेवली की ती सरकारी मोहरेसारखी. त्यांनी लॉबीत इकडेतिकडे पाहिलं, एक खुर्ची उचलली, साफ केलेल्या जागेच्या मधोमध ठेवली आणि खुशीत शीळ घालत ते गेले.

अकरा वाजता कॉलिन लॉबीत आला आणि पांढराफटक पडला. दोरी होती, खाली लावलेली पाटी होती, खुर्ची नव्हती.

"या इमारतीचा आत्मा होती ती," तो यादिराला म्हणाला. "पाया खणताना जुन्या घराच्या तळघरात सापडली होती. आमच्या सजावटकार बाईंनी पाटीसुद्धा स्वतः लिहिली."

पाटीवर लिहिलं होतं: 'श्रमिकांची खुर्ची. कलाकार अज्ञात. बसकणीच्या तळाशी गूढ आकडे, बहुधा कारखान्यातल्या पाळ्यांची नोंद.'

कॉलिनने कॅमेऱ्याचं चित्रण मागवलं. चोर जर भाडेकरू किंवा भाडेकरूचा पाहुणा निघाला तर करार रद्द, किल्ल्या दुसऱ्या उमेदवाराला, असं त्याने अगदी अदबीने सांगितलं. यादिराने सहज काचेबाहेर पाहिलं. दहा पावलांवर, बर्फाच्या दोन ढिगांमध्ये, लाल रेक्झिनची खुर्ची ऊन खात उभी होती. असली कामं जगात एकच माणूस करतो, हे तिला माहीत होतं.

कॉलिन कॅमेऱ्याच्या खोलीत गेला तशी ती बाहेर धावली. तिने खुर्चीच्या पाठीला हात घातला न घातला तोच समोरच्या बेकरीतून खणखणीत आवाज आला.

"हात काढ त्या खुर्चीवरून!"

डोन्या चोले, म्हणजे बेकरीची मालकीण चोलेबाई, हातात झाडू घेऊन रस्ता ओलांडत होती. लोकरी टोपी आणि गळपट्टा यांच्यामधून यादिराचं फक्त नाक दिसत होतं, त्यामुळे ओळख पटण्याचा प्रश्नच नव्हता.

"माझ्या वडिलांनी ठेवलीय हो ती," यादिरा कुजबुजली.

"सगळे असंच म्हणतात. काचेच्या घरात राहता, दुसऱ्याच्या घामावर गाड्या लावता. लाज वाटत नाही?"

ज्या रस्त्यावर लहानाची मोठी झाली, त्याच रस्त्यावर खुर्ची हलवताना पकडली जाणं! यादिराला रडू यायचंच बाकी होतं. गलका वाढला, न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला, त्याच्यामागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक. तो आवाज ऐकून कॉलिनही कोट न घालता बाहेर आला, खुर्ची पाहून आनंदाने ओरडला आणि त्याने तिचा पाय धरला. दुसरा पाय डोन्या चोलेने धरला.

"सोड, बाळा," ती म्हणाली. "बर्फ तू उपसलास का?"

"बर्फाचा काय संबंध? ही कलाकृती आहे!"

"ही हासिंतोची खुर्ची आहे. वीस हिवाळे याच जागेवर पाहिलीय मी."

त्याच क्षणी ट्रक आला. डॉन हासिंतो खाली उतरले, त्यांनी कॉलिनचा हात दोन्ही हातांत धरून हलवला आणि त्याचे आभार मानले. घर सोडताना खुर्ची तळघरात राहून गेली होती, बायको अजून त्यावरून टोमणे मारते, तुम्ही इतकी वर्षं सांभाळलीत, वर दोरी लावून, असं त्यांनी सांगितलं. कॉलिन पुरावा मागायला संकोचत होता हे पाहून त्यांनी खुर्ची उलटी केली. तळाशी निळ्या शाईत आकडे होते.

यादिराने गळपट्टा खाली ओढला आणि वाचलं. "सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस, पस्तीस, बेचाळीस, एकोणपन्नास, चोपन्न..." तिथे ती थांबली. कान लाल झाले.

"सातचा पाढा," हासिंतो अभिमानाने म्हणाले. "टेबलाखाली लपून लिहायची. आठव्या घराला चुकायची, मग पुढचं सगळंच चुकायचं."

"अगं, तू यादिरा!" डोन्या चोलेने झाडू टाकून तिला मिठी मारली आणि सगळ्यांसाठी शिंपल्याच्या नक्षीचे गरम गोड कोंचा पाव आणायला ती धावली. कॉलिन बराच वेळ त्या गूढ आकड्यांकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून किल्ल्या काढून यादिराच्या हातात ठेवल्या. तेव्हा बाराला पाच मिनिटं कमी होती, आणि यादिरा रस्त्यातच नाचली.

खुर्ची लॉबीतच राहू द्या, अशी कॉलिनने विनंती केली. हासिंतोंनी मान्य केलं, पण बर्फ पडला की ती बाहेर जाणार, या अटीवर. पाटी बदलण्यात आली: 'हासिंतोंची खुर्ची. तळाशी सातचा पाढा, जसाच्या तसा.'

फेब्रुवारीत पुन्हा बर्फ पडला आणि त्याच दिवशी तळघरात पाणी शिरून गाडीतळ बंद झाला. सकाळी सातला यादिराच्या दारावर टकटक झाली. दारात कॉलिन होता. केसांत बर्फ, हातात फावडं, तळहातांवर फोड.

"मी जागा उपसली," तो धापा टाकत म्हणाला. चेहऱ्यावर पहिलं बक्षीस मिळाल्यासारखा आनंद होता. "तासाभरासाठी खुर्ची मिळेल का? डॉन हासिंतोंना विचाराल?"

यादिराने फोन लावून स्पीकर चालू केला. पलीकडून हासिंतोंनी शांतपणे सांगितलं, "त्याला सातचा पाढा म्हणायला लाव."

कॉलिन सावधान उभा राहिला. एकोणपन्नासपर्यंत तो न अडखळता आला. तिथे थांबला, डोळे मिटले आणि रोज दहा वेळा वाकून बघितलेला खुर्चीचा तो तळ आठवून ठामपणे म्हणाला, "चोपन्न."

फोनमधून हासिंतोंचं हसू ऐकू आलं.

"दे त्याला," हासिंतो म्हणाले. "पोरगा आपल्याच वस्तीतला आहे."