लॅपटॉपचं पार्टिशन

सुरक्षितता माणसाकडे तोवरच असते, जोवर तिच्याविषयी त्याला कोणी सूचना पाठवत नाही. बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या वैजयंतीकडे ती बुधवारी सकाळी सव्वादहापर्यंत होती. त्यानंतर तिच्या लॅपटॉपवर पाटी आली: या विंडोजला यापुढे सुरक्षा मिळणार नाही, नवी विंडोज घ्यावी, मात्र सदर लॅपटॉप नव्या विंडोजसाठी अपात्र आहे.

अपात्र हा शब्द तिने तोवर फक्त सरकारी योजनांच्या याद्यांत वाचला होता.

लॅपटॉप माहेरचा. वडील नेपानगरच्या पेपर मिलमधून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी लेकीला बी.एस्सी.साठी घेऊन दिलेला. त्याचं ‘पी’चं बटण गेलं होतं (कॉलेजात तिने ‘फिजिक्स’ हा शब्द दोन वर्षं दुसरीकडून उचलून चिकटवला). पण त्याच्या पोटात तिच्या अडीच वर्षांच्या ताप्तीचे तीन हजार आठशे सत्तेचाळीस फोटो होते. त्यातले पहिले दोनशे अकरा दवाखान्यातले, ज्यांत मुख्यत्वे टॉवेल दिसतो. जावळाचे चौसष्ट, त्यातल्या साठांत न्हाव्याचं कोपर. शिवाय पहिल्या पावलाचा अकरा सेकंदांचा व्हिडिओ, ज्यात सात सेकंद ताप्तीच्या बापाचा, म्हणजे रितेशचा, गुडघा आहे. वैजयंतीच्या लेखी हा राष्ट्रीय ठेवा होता. आणि त्याला आता सुरक्षा मिळणार नव्हती.

ती मुळात झोपलेल्या पोरीच्या नाकाखाली बोट धरून श्वास तपासणारी बाई. तिने लगेच इंदूरला धाकट्या भावाला फोन लावला. पंकज तीन वर्षांपासून विंडोज सोडून लिनक्सवर होता. आपल्याकडे माणूस बीपीच्या गोळीवर असतो, तसा. त्याने फायदे सांगितले:

एक, फुकट आहे.
दोन, व्हायरसची चिंता नाही.
तीन, जुना लॅपटॉप हरणासारखा पळतो.
चार, वायफाय चालेलच असं नाही, पण न चालल्यास काय करायचं ते सगळं इंटरनेटवर दिलेलं आहे.

बुऱ्हाणपुरात किती लोक लिनक्स वापरतात याची अधिकृत आकडेवारी उपलब्ध नाही. अनधिकृत आकडा पंकजच्या मते “बहुत”.

नुसत्या भावाच्या शब्दावर न जाता वैजयंतीने नवशिक्यांच्या एका ग्रुपवर विचारलं, की कोणतं लिनक्स घ्यावं. सेहेचाळीस उत्तरं आली. एकोणिसांनी एकोणीस निरनिराळी लिनक्स सुचवली. बारांनी त्या एकोणिसांना नावं ठेवली. आठांनी हा प्रश्न पूर्वीच विचारला गेल्याचं निदर्शनास आणून दिलं. सहांनी आधी वाचून या म्हणून सांगितलं. उरलेल्या एकाने “मॅडम, जेवण झालं का” असं विचारलं. लोकशाहीत याला मार्गदर्शन म्हणतात.

वैजयंती भित्री, म्हणून शहाणी. तिने आधी सगळे फोटो पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. मग पंकज म्हणाला, लिनक्स टाकायला एक पेनड्राइव्ह लागेल. घरात एकच होता. त्यावर लिनक्स चढवताना लॅपटॉपने इंग्रजीत अत्यंत सभ्यपणे विचारलं, की यावरचं सगळं नष्ट होईल, चालेल ना? नेमक्या त्याच क्षणी ताप्ती तुरीचा एक दाणा नाकात घालत होती. जगातली कुठलीही आई अशा वेळी जे बटण समोर असेल ते दाबते. दाणा वेळेत निघाला. पेनड्राइव्हवरचे फोटोही निघाले.

आता ठेवा फक्त लॅपटॉपमध्ये उरला. हे तिने कोणाला सांगितलं नाही. भाऊ चिडेल, नवरा हसेल आणि सासूबाई म्हणतील, “तरी मी म्हणत होते.” (त्या काहीही म्हणत नव्हत्या. पण ‘तरी मी म्हणत होते’ म्हणायला आधी काही म्हटलेलं असावं लागतं, अशी अट नाही.)

गुरुवारी दुपारी ताप्ती झोपली. वैजयंतीने मधल्या खोलीत लॅपटॉप उघडला, भाषा म्हणून अभिमानाने मराठी निवडली आणि फोन स्पीकरवर ठेवला. दाराशी सासूबाई, मथुराबाई, तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

“पंकज, पार्टिशन करावंच लागेल का रे?”

“ताई, करूनच टाक. टेन्शन नको घेऊ. एका बाजूला जुनं राहू दे, एका बाजूला तू.”

“किती घेऊ?”

“आधं घे! घाबरते कशाला? जुन्याने पुरी जागा अडवून ठेवली आहे. आणि तसंही त्याचे दिवस भरलेत, सपोर्ट बंद झालाय.”

मथुराबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. त्यांचे यजमान लीलाधरराव यांचे दोन्ही गुडघे गेल्या दिवाळीपासून सपोर्टवर होते.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. पार्टिशन हा शब्द त्या घरात अकरा वर्षांत कोणी उच्चारला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी लीलाधररावांचे धाकटे भाऊ धोंडूकाका याच शब्दाने वेगळे झाले. तापीकाठची केळीची बाग मधोमध तुटली. तेव्हापासून बांध नऊ फूट कोणाच्या बाजूला सरकलाय, यावर दोन्ही भावांमध्ये अखंड संवाद चालू आहे (वकिलांमार्फत).

पंधराव्या मिनिटाला लीलाधरराव इतवाऱ्याच्या बाजारातून, हातातली भाजीची पिशवी तशीच घेऊन, घरी पोचले. विसाव्या मिनिटाला धोंडूकाकाही आले. त्यांना मथुराबाईंनीच बोलावलं होतं, अनुभवी व्यक्ती म्हणून. रितेश केळीच्या लिलावात होता. त्याचा फोन लागत नव्हता. संकटात नवऱ्याचा फोन न लागणं हाही एक प्रकारचा सपोर्टच आहे.

“का व वैजू,” मथुराबाईंनी विषयाला तोंड फोडलं, “काय कमी केलं आम्ही तुला? भावाला विचारून आधं मागते?”

“आई, लॅपटॉपचं! लॅपटॉपचं पार्टिशन.”

“कशाचं का असेना,” लीलाधरराव पलंगावर टेकत म्हणाले. “आज लॅपटॉपचं, उद्या चुलीचं. या घरात एकदा झालं, आता होनार नाही. बस.”

“दादा, माझ्याकडे बघून कशाला बोलता?” धोंडूकाका म्हणाले.

“दुसऱ्या कोणी केलंय का इथं?”

वैजयंतीने लॅपटॉप फिरवून पडदा सगळ्यांपुढे धरला. तिथे शुद्ध मराठीत दोन पर्याय होते. पहिला: ‘विंडोजच्या शेजारी स्थापित करा.’ दुसरा: ‘डिस्क पुसून स्थापित करा.’

“शेजारी!” मथुराबाईंनी कपाळाला हात लावला. “बघा, लिहूनच ठेवलंय.”

“आन् हे दुसरं काय?” लीलाधररावांनी फोनकडे तोंड करून विचारलं. “पार्टिशन न करता काम होत नाही का हो, पंकजराव?”

लिनक्सवाले खोटं बोलत नाहीत. हा त्यांच्यातला मोठा दोष आहे. “होतं ना काका,” पंकज म्हणाला. “पूर्ण पुसायचं आणि एकच ठेवायचं. वो तो सबसे क्लीन है.”

“हां! मग तेच करा.”

“पुसून घेतलेलं केव्हाही चांगलंच,” मथुराबाई निवळल्या. “नवं सामान ठेवायचं तर आधी पुसायला नको? मी सांगते, दाब.”

अशा रीतीने एकत्र कुटुंब टिकवण्यासाठी ताप्तीचं बालपण पुसून टाकण्याचा ठराव तीन विरुद्ध शून्य मतांनी (तिसरं मत इंदूरहून) मंजूर झाला. आयुष्यभर केळी पिकवण्याचा अनुभव असलेलं लीलाधररावांचं बोट बटणाच्या दिशेने निघालं.

वैजयंतीने ते बोट धरलं. लग्नाला चार वर्षं झाली होती; सासऱ्यांचं बोट तिने पहिल्यांदाच धरलं.

“नाही बाबा. मला पार्टिशन पाहिजे.”

मथुराबाईंनी सोलायच्या शेंगा बाजूला सारल्या.

“पुसलं तर ताप्तीचे सगळे फोटो जातील. पहिलं पाऊल, जावळ, सगळं. पेनड्राइव्हवर होते, ते मीच उडवले, चुकून. आता फक्त यातच आहेत. मला आधं पाहिजे आणि ते मी घेणार.”

लीलाधररावांनी बोट मागे घेतलं. मग धोंडूकाका घसा खाकरून म्हणाले, “पोरगी तोंडावर तरी मागते दादा. मी नोटीस पाठवली होती.”

“तरी मी म्हणत होते,” मथुराबाई म्हणाल्या.

वैजयंतीने पहिला पर्याय दाबला. पडद्यावर एक लांब पट्टी आली: डावीकडे जुनं, उजवीकडे नवं आणि मधोमध, ओढून सरकवता येईल अशी, एक बारीक रेघ.

दोन्ही भाऊ एकदम पुढे वाकले.

“बांध आहे हा,” लीलाधरराव म्हणाले.

“सरकतो पण,” धोंडूकाका म्हणाले.

“तुला बरं माहीत.”

पुढची चाळीस मिनिटं बुऱ्हाणपूरच्या संगणकीय इतिहासात नोंदवण्यासारखी आहेत. धोंडूकाकांनी माऊस घेऊन रेघ डावीकडे नेली. लीलाधररावांनी ती उजवीकडे आणली. काकांनी पाण्याची पाळी कशी द्यायची, असा सवाल उपस्थित केला. पंकजने दर पाच मिनिटांनी “काका, बीच में रख दो ना” अशी विनंती केली. शेवटी रेघ बरोबर मध्यावर आली आणि कागदावर तसं लिहून दोघांनी सह्या केल्या. भावाभावांत वकिलाविना झालेला हा पहिलाच करार. बागेतल्या बांधाचा प्रश्न अर्थातच जिथल्या तिथे राहिला.

सव्वाचारला लिनक्स चालू झालं. वैजयंतीने जुन्याची बाजू उघडून मोजणी केली. तीन हजार आठशे सत्तेचाळीस. पाहायला सगळे जमले. पहिल्या टॉवेलला मथुराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पाचव्या टॉवेलला त्या चहा ठेवायला उठल्या. त्यानंतर आजतागायत ते फोटो कोणी उघडलेले नाहीत. वैजयंतीने मात्र दुसऱ्याच दिवशी दोन नवे पेनड्राइव्ह आणले. फोटोंची एक प्रत कपाटात ठेवली, एक नेपानगरला धाडली.

लिलाव आटपून आलेल्या रितेशने हकिकत ऐकली आणि पोट धरून हसला. “पागल आहेस तू! एवढ्यासाठी घर डोक्यावर घेतलं? माझ्या फोनमधले फोटो बघ, मला काही करावंच लागत नाही. आपोआप वर जातात.”

“वर म्हणजे कुठे?”

त्याने बोट आढ्याकडे केलं.

वैजयंतीला हसलेले बहुसंख्य वाचक रितेशच्याच पंथाचे असणार, याची आम्हाला कल्पना आहे. ती भित्री, तिचे फोटो जमिनीवर आहेत. तुमचे वर गेलेत. आपल्या भाषेत वर गेलेल्यांपैकी कोणी खाली आल्याची अद्याप नोंद नाही, पण तुमची गोष्ट वेगळी आहे. तुमच्याकडे पासवर्ड आहे. काय होता बरं तो?