विश्वाची चतुःसीमा

माणसाला नाव विचारायच्या आधी त्याची चतुःसीमा विचारणारा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला. आष्ट्याच्या शाळेत मास्तर म्हणून नुकताच रुजू झालो होतो आणि भाड्याची खोली शोधत गोविंदनानांच्या दारात उभा होतो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाले, "चतुःसीमा सांगा."

"माझं नाव..."

"नावं काय, एकासारखी धा जनांची असत्यात. चतुःसीमा सांगा."

मी गडबडलो. शेवटी त्यांनीच मला हात दिला. पाठीमागं कोण? मलकापूरला वडील. पुढ्यात कोण? शाळेचे हेडमास्तर. उजव्या हाताला? थोरला भाऊ. डाव्या हाताला? मी डोकं खाजवलं.

"लगीन?"

"अजून नाही."

"म्हंजे डावी बाजू पडीक," असा शेरा मारून त्यांनी मला माडीवरची खोली दिली.

नाना दस्त लिहायचे. आष्टा आणि आसपासच्या गावांत कुणी जमीन घ्या, घर विका, भावाभावांत वाटणी करा, कागद नानांच्या हातचा असायचा. अशा कागदात मिळकतीच्या चारी बाजूंना कोण आहे ते लिहावं लागतं. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याची विहीर. हीच चतुःसीमा. ती लिहून लिहून नानांची अशी पक्की समजूत झाली होती की ज्या वस्तूला चतुःसीमा नाही ती वस्तूच नाही, नुसती अफवा आहे.

जेवायला बसले की आधी ताटाची हद्द कायम करत. "पूर्वेस पिठलं, पश्चिमेस ठेचा, उत्तरेस कांदा, दक्षिणेस मोकळी जागा, ताक येनं बाकी." एकदा दाढ दुखली तेव्हा वैद्याला तिच्या चारी बाजूंचे दात नीट सांगितले, तरी त्यानं ओढ्याच्या बाजूची भलतीच काढली, असं पुढं कित्येक दिवस म्हणत होते. एका लग्नात नवऱ्या मुलाला आशीर्वाद देताना "जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाणासह कायम कबजात राहो" असं दस्तातलं वाक्य सवयीनं बोलून गेले. मुलीच्या बापाला कमी ऐकू यायचं म्हणून निभावलं.

स्वतःच्या घराची चतुःसीमा मात्र ते जरा वेगळी सांगत. "पूर्वेस सरकारी रस्ता, उत्तरेस बोळ, दक्षिणेस मारुतीचं देऊळ, पश्चिमेस इमाम." इमामचं घर नव्हे. नुसता इमाम.

इमामभाई आतार म्हणजे ऊद, अत्तर, कुंकू, बुक्का विकणारे नानांचे शेजारी. दोघे एका वयाचे, दोघांच्याही बायका देवाघरी गेलेल्या. नानांना मूलबाळ नव्हतं आणि इमामभाईंचा एकुलता एक मुलगा सोलापूरला गिरणीत होता. दोन घरांत एक मातीची भिंत, आणि त्या भिंतीत, बसल्या माणसाच्या तोंडाशी येईल असं, एक भगदाड. कधीतरी पावसाळ्यात भिजून तेवढी माती ढासळली होती. भिंत इमामची, तेव्हा बुजवायचं काम त्याचं, हे नानांचं म्हणणं. भिंत नानाची, हे इमामभाईंचं. त्यामुळे भगदाड जसंच्या तसं राहिलं आणि रोज संध्याकाळी ते कुणी बुजवावं यावर त्याच भगदाडातून चर्चा चाले. चर्चा रंगात आली की चुन्याची डबी इकडून तिकडे जायची. ईदेला तिकडून शिरखुर्मा यायचा आणि होळीला इकडून पोळी जायची. वाद मात्र तसूभरही पुढं सरकत नसे.

असं सगळं बरं चाललं असताना मला दुर्बुद्धी झाली आणि मी नानांना सांगलीला एका व्याख्यानाला घेऊन गेलो. विषय होता आकाश. कुणी एक प्रोफेसर बोलत होते, आणि चांगलं बोलत होते. चंद्र झाला, सूर्य झाला, त्यांच्या पलीकडचे तारे झाले आणि शेवटी प्रोफेसर म्हणाले, विश्व अनंत असावं, त्याला कडच नसावी, असं मानायला जागा आहे.

नाना उभे राहिले.

"पूर्वेस कोण?"

"कशाच्या?" प्रोफेसरांनी विचारलं.

"तुमच्या विश्वाच्या."

सभेत खसखस पिकली. प्रोफेसर सज्जन होते. म्हणाले, "विश्वाच्या बाहेर काही नाही, आजोबा."

"काई न्हाई म्हंजे पडीक?"

"पडीकसुद्धा नाही. बाहेर अशी जागाच नाही."

"आवं, पर चतुःसीमा न्हाई तर त्यो कागद रद्द हुतोय!"

यावर जो हशा उठला त्यात नानांचं पुढचं बोलणं बुडून गेलं. ते खाली बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि व्याख्यान संपेपर्यंत तिच्याकडेच बघत राहिले.

ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून मोटारी कोळशाच्या धुरावर धावायच्या. धावायच्या हा शब्द आपला सवयीनं लिहिला. परतताना आमची मोटार वाटेत थांबली आणि क्लीनर खाली उतरून मागच्या कोळशाच्या भट्टीला वारा घालू लागला. आम्ही एका बाभळीखाली उभे राहिलो.

"लोक हसली त्येचं काय न्हाई, मास्तर," नाना एकदम म्हणाले. "पर कड न्हाई म्हंजे पलीकडं कुनी न्हाई. शेजारीच न्हाई. मग त्यो देव सांजच्याला बोलत असंल कुनासंगं?"

मला हसू आलं. तेवढ्यात मोटार सुरू झाली आणि आम्ही धावत जाऊन आत बसलो.

घरी येताच नानांनी तो सगळा प्रकार भगदाडातून पलीकडे घातला. आपल्या बाजूनं साक्ष मिळेल अशी त्यांची खात्री होती. पण इमामभाई शांतपणे म्हणाले, "खरं हाय त्या प्रोफेसराचं. अल्लाच्या कामाला कुठली कड, नाना?"

झालं! त्या दिवसापासून भिंतीचा दावा मागं पडला आणि विश्वाचा बोर्डावर आला. मी माडीवर मुलांचे निबंध तपासत असे आणि खाली रोज सुनावणी चाले.

"अत्तराची बाटली उघडली की वास कुठवर जातो, सांग की," इमामभाई म्हणायचे.

"दार लावलं की थांबतो."

"आनि दारच नसंल तर?"

"दार न्हाई तर घर कसलं? तुज्या या भिंतीला सुदिक कड हाय!"

"माजी न्हाई, तुजी भिंत."

मग पुन्हा भिंत निघायची आणि विश्व तहकूब व्हायचं. दोघंही हरायला तयार नव्हते आणि, आता वाटतं, जिंकायलाही नव्हते.

लढाई संपली. इमामभाईंची नजर अधू होत चालली होती. बाटल्या ते वासावरून ओळखायचे, पण रस्त्यानं येणारी मोटार वासावरून ओळखून चालत नाही. सोलापूरचा मुलगा न्यायला आला. भला मुलगा होता, त्याचं काही चुकत नव्हतं. नाना आठवडाभर त्याच्याशी मिळकतीसंबंधी बोलावं तसं कोरडं बोलले.

निघायच्या सकाळी इमामभाईंनी गवंडी बोलावला. चिखल कालवल्याचा आवाज ऐकून नाना धावत पलीकडे गेले. त्यांच्या मागं मीही गेलो.

"काय चाललंय ह्ये?"

"भगदाड बुजवतोय," इमामभाई म्हणाले. "जातानं शिवेचं काम तसंच टाकून जाऊ व्हय? भिंत माजीच हाय, नाना. मला पैल्यापास्नं ठावं हुतं."

"कोन म्हनतंय तुजी? भिंत माजी हाय!" नाना ओरडले. "हात लावला तर फिर्याद करीन! खबरदार कुनी चिखल लावशीला तर!"

इतकी वर्षं जे कबूल केलं नाही ते दोघांनीही एकाच सकाळी कबूल केलं, आणि तरीही एकमत झालं नाहीच. गवंडी हातात चिखलाचा गोळा घेऊन एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला आणि शेवटी हात धुऊन निघून गेला. इमामभाईंनी घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि अधूनमधून दारं उघडून झाडलोट करायला सांगितली. नाना त्यांना पोचवायला मोटारीपर्यंत आले नाहीत.

त्यानंतर घर शांत झालं. ताटात पिठलं कुठल्या दिशेला आहे हे नाना सांगेनासे झाले. एके दिवशी नवा पोस्टमन दारात आला तर त्यांनी त्याला सरळ नाव विचारलं. मला धास्ती वाटली. दस्त लिहून घ्यायला आलेल्यांनाही ते "उद्या या" म्हणू लागले.

मग एका संध्याकाळी मी किल्ली घेऊन इमामभाईंच्या घरी गेलो. बंद घरात अजून उदाचा वास कोंडलेला होता. केर काढता काढता भिंतीशी आलो. भगदाडातून नानांच्या कंदिलाचा उजेड येत होता. इमामभाई बसायचे ते घोंगडं तिथंच होतं, त्यावर मी टेकलो. तेवढ्यात पलीकडून माती खरवडल्यासारखा आवाज झाला आणि चुन्याची डबी भगदाडात येऊन बसली. घ्यायला इकडे कुणी नाही हे त्यांना माहीत होतं. तरी ती आली. रोजच येत असली पाहिजे.

मी तंबाखू खात नाही, मास्तरानं खाऊही नये. पण मी ती डबी उचलली.

पलीकडचा उजेड हलला. "कोन हाय?"

मी घसा साफ केला. "अल्लाच्या कामाला कुठली कड, नाना?"

मग नाक शिंकरल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ जुना, कचेरीतला, खणखणीत आवाज.

"कड न्हाई म्हनं! आदी चतुःसीमा सांगा, मास्तर!"

"पूर्वेस गोविंदनाना," मी म्हणालो.

बाकीच्या तीन बाजू त्यांनी विचारल्या नाहीत.