सरकीची सीट

आईक बे, मधात बोलू नको, फक्त आईक. आपला डोणगावचा निवृत्तीभाऊ, त्यानं खामगावच्या एका शेठची जुनी फटफटी घेतली, हे तं तुले माहीत आहे. पण त्या फटफटीनं त्याची पाठ धरली, हे नाही माहीत. हँडल बुटकं, सीट चपटी, रस्ता सारा गोट्यांचा. चिखलीकडं पोरगी पाहाले गेला, तं कमरेवर हात ठेवून म्हाताऱ्यावाणी वाकून उतरला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, "पोरगा चांगला आहे, पण वय लपवलं."

मंग वडनेर भोलजीच्या माणिकरावाची पोरगी निघाली. भाऊची माय सोजराबाई म्हने, "इथंबी वाकून उतरला, तं यापुढं तुयासाठी मी कोणाच्या दारात जाणार नाही."

"बैलगाडीनं जाऊ ना मंग," मी म्हटलं.

"फटफटी आहे म्हणून तिकडं सांगतलं आहे. बैलगाडीनं गेलो तं म्हणतीन, उसनी होती," भाऊ म्हने.

म्हणून त्यानं फटफटीच सुधरवाले काढली. लोहाराकडून हँडल वर उचलून घेतलं, बैलाच्या शिंगावाणी. हात वर आले तशी पाठ आपोआप सरळ झाली. राह्यली सीट. सोजराबाईनं जुनी चपटी सीट काढून फेकली, खोळ शिवली, कापसाची रुई भरली, उघड्या स्प्रिंगवर बांधली. मेहकरपर्यंत जाऊन आलो, तं तिची पोळी झाली.

"रुई दबते माय, सरकी नाही दबत," भाऊ म्हने. मंग खाली गच्च सरकी अन् वर रुईचा पातळ थर. भाऊ बसला तं गादीवर बसल्यासारखा. मी आपला मागं कॅरियरवर, गोणपाट टाकून.

वडनेरले भाऊ असा ताठ उतरला का माणिकराव ओट्यावरून उठून उभेच राह्यले. फटफटी गोठ्याच्या सावलीत लावली अन् आम्ही आत बसलो.

"रोज चालवता?" माणिकरावनं विचारलं.

"रोज."

"पाठ नाही दुखत?"

"नाही बा. आमच्या घरात कोणाचीच नाही दुखत."

तेवढ्यात बाहेर चर्रकन आवाज आला. मी खिडकीतून पाह्यलं, तं म्हैस दावं तोडून आलेली, खोळ फाडलेली, अन् डोळे मिटून सरकी खाऊन राह्यली. मी भाऊले कोपर मारलं. भाऊ काही वळला नाही. वळलो तं पाठ वाकीन, हे त्याच्या डोक्यात.

माणिकरावनंबी पाह्यलं. ते बाहेर गेले, मागून आम्ही.

"पारडू गेल्यापासून हिनं कशालेच तोंड नाही लावलं," ते म्हने. "पेंडीची ढेप ठेवली, गूळ ठेवला. तुमाले कसं समजलं हो, पाहुणे?"

भाऊनं माह्याकडं पाह्यलं. मी आभाळाकडं.

"माय म्हने, रिकाम्या हातानं जाऊ नको," भाऊ म्हने. "आता फटफटीवर पोतं कुठं ठेवावं? म्हणून सीटमंदीच भरून आणली."

माणिकरावनं उपरण्यानं डोळे पुसले. "जनावराचं जाणणारा माणूस माह्या पोरीले उपाशी नाही ठेवणार."

मंग त्यायची पोरगी रुख्मिणी चहा घेऊन आली. बाप म्हशीच्या पाठीवर हात फिरवून राह्यला होता, तवा ती कप देता देता हळूच म्हने, "वर रुई होती. म्हशीसाठी आणली असती तं रुई कायले घातली असती?"

भाऊनं गरम चहा एका घोटात संपवला.

"मी नाही सांगत कोणाले. पाठ तेवढी सरळ ठेवा, बाबा पाहून राह्यले."

जमलं ना बे. निघताना माणिकराव म्हने, "साखरपुड्याले याल तं अशीच भरून आणजा. म्हैस वाट पाहीन."

सीटची तं नुसती स्प्रिंग उरली होती. डोणगावपर्यंत भाऊ पायावर उभं राहूनच फटफटी हाकत आला. वाटेत लोक म्हणत, आनंदानं उभा आहे.

"पाठ कशी आहे?" मी विचारलं.

"पाठ बरी आहे. पायाचं नको विचारू."

आता साखरपुडा आला. सोजराबाई सुईदोरा घेऊन बसली आहे. सरकी भरली तं म्हैस खाईन, अन् येताना पुन्हा उभं राहा. रुई भरली तं पोचेपर्यंत पोळी, अन् भाऊ वाकून उतरीन, तेबी म्हशीसमोर रिकाम्या हातानं. भाऊ मले विचारून राह्यला, मले काही सुचत नाही. तू सांग, तू असता तं काय भरलं असतं?