म्हातारी आजची संध्याकाळ काढेल का?

"एकही दिवा विझणार नाही, साहेब! विझला तर माझी खुर्ची काढून घ्या!" असं छातीठोकपणे बोलून मार्जिनराव मोकळे झाले, आणि फोन ठेवल्याठेवल्या आकडे पुन्हा तपासायला लागले.

मार्जिनराव हे अर्थातच घरच्यांनी ठेवलेलं नाव नव्हे. शहरभरच्या विजेवर नजर ठेवणाऱ्या ऑफिसात ते कामाला. लाइनवर आणखी किती भार टाकला तर व्होल्टेज कोसळून शहर अंधारात जाईल, म्हणजे मार्जिन किती उरलंय, हे सांगणं त्यांचं काम. जेवायला बसले तरी पोटात किती मार्जिन आहे ते आधी सांगायचे, म्हणून हे नाव चिकटलं ते चिकटलंच!

आज उकाड्याने कहर केला होता. शहराला वीज आणणारी लाइन इतकी जुनी, की ऑफिसात तिला सगळे 'म्हातारी'च म्हणत. संध्याकाळी घरोघर एसी सुरू झाले की म्हातारी टिकणार का, एवढाच प्रश्न. साहेब म्हणत होते, थोडे भाग आधीच बंद ठेवू. मार्जिनरावांनी ठणकावून सांगितलं, गरज नाही! सुट्टी असल्यामुळे ते घरीच होते, पुढ्यात लॅपटॉप आणि कानाला फोन. पलीकडच्या खोलीत, उघड्या दाराआड, मुक्कामाला आलेल्या सासूबाई पडल्या होत्या.

दुपारी पुन्हा साहेबांचा फोन आला. साहेबांना मराठीचा भारी अभिमान! 'व्होल्टेज' म्हटलं की अंगावर यायचे. त्यामुळे त्यांच्याशी बोलताना 'दाब' म्हणावं लागे.

"दाब उतरतोय, साहेब," मार्जिनराव घाम पुसत ओरडले. "छे हो! म्हातारी दिसायला ठणठणीतच आहे! तिथेच तर माणूस फसतो. शेवटपर्यंत काही कळू देणार नाही, आणि एकदम बसेल! आजची संध्याकाळ काढली तर काढली... नवी? नवी आणायचं ठरलंय की! हिचा एकदा निकाल लागला की लगेच!"

पलीकडे सासूबाईंच्या हातातली रक्तदाबाची गोळी गळून पडली. त्यांनी आधी मुलाला फोन लावला, मग धाकट्या बहिणीला.

तासाभरात मेहुणा धापा टाकत हजर! "भावोजी, किती वेळ आहे?"

मार्जिनराव दचकले. बातमी फुटली म्हणायची! "हळू बोल! सहाच्या सुमाराला खरी कसोटी. ती टळली तर सुटलो."

"सुटलो?"

"नाहीतर काय! गेली तर मला तोंड दाखवायला जागा नाही. किती वर्षं राबतेय बिचारी! कुणी कधी तिची विचारपूस केली? नुसता भार टाकत राहिले सगळे!"

मेहुणा मान खाली घालून मुसमुसायला लागला. मार्जिनरावांना भरून आलं. आपल्या कामाची घरात कुणाला इतकी कळकळ असेल, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं!

आतल्या खोलीत मावशी, म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण, पोचल्या होत्या. "नवी आणणार म्हणाले? नवी सासू?" त्यांनी डोळे विस्फारले. "अगं पोरी, सासू नवी म्हणजे बायकोही नवीच की!" आईच्या उशाशी बसलेली मार्जिनरावांची बायको उठली, दारात येऊन उभी राहिली आणि नवऱ्याकडे अशी बघत राहिली, की मार्जिनराव लॅपटॉपमागे लपले. का बघतेय, हे विचारायची ही वेळ नव्हती. आकडा घसरत होता!

संध्याकाळ झाली. सासूबाईंना सुखाने जाता यावं म्हणून घरातला एसी, पंखे, झाडून सगळे दिवे लावले होते. तसेच ते शहरभर लागले असणार. दाब उतरला, सावरला, पुन्हा उतरला.

"बोला," साहेब फोनवर कडाडले. "एक भाग तोडला तर बाकीचं शहर वाचेल. नाहीतर सगळंच गेलं! कुठला तोडू?"

मार्जिनरावांच्या डोळ्यांपुढे खुर्ची आली. मग ऑपरेशन चाललेलं हॉस्पिटल आलं, लिफ्टमध्ये अडकलेली माणसं आली. कुणाच्या घरात अंधार करायचा? शिव्या खायच्याच तर घरच्यांच्या खाव्यात!

"आमचाच तोडा!" ते किंचाळले. "वाट कसली बघताय? आता काही उपयोग नाही! संपवा!"

आत मावशींनी हंबरडा फोडला, आणि त्याच क्षणी काळोख झाला. एसी थांबला, पंखे थांबले, मावशीसुद्धा थांबल्या.

"सावरला हो!" फोनमधून साहेबांचा आवाज आला. "दाब सावरला! म्हातारी वाचली! खुर्चीचं आपण उद्या बोलू."

खुर्ची गेली खड्ड्यात! मार्जिनराव आनंदाने चाचपडत, स्टुलाला धडकत आतल्या खोलीत धावले. "वाचली! आई, म्हातारी वाचली!"

मिट्ट काळोखात पलंगावरून सासूबाईंचा क्षीण आवाज आला.

"अगंबाई! जावईबापू, तुम्ही इथे वरही पोचलात? आणि आल्याआल्या इथलेही लाइट घालवलेत?"