चार मोऱ्या आणि एक घंटी

नाताळच्या सुट्टीत महाबळेश्वरला हंबीररावांचं हॉटेल भरलं आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. बॉयलर हॉटेलच्या मागं, उतारावरच्या पत्र्याच्या खोलीत. तिथं जाळ घालायला नाथाजी. हंबीरराव वर गल्ल्यावरून बोंबलायचे, "नाथ्याऽऽ, पाणी गार हाय!" त्या आरोळीनं पाहुणे दचकून उठायचे, नाथाजीला मात्र काही ऐकू जायचं नाही.

शेवटी त्यांनी जोतीरामला बोलावलं. गडी लढाईवरून नुकताच परतलेला. पलटणीत तारा ओढायचं काम केलेला. तो बॅटरी, घंटी आणि तारेचं भेंडोळं घेऊन आला.

"मालक, बटन एकच ठिवा, गल्ल्यावर."

"न्हाई. गल्ल्यावर बी अन् चारी मोऱ्यांत बी पायजे. मुंबईला असतंय तसं."

"पर घंटी एकच हाय. कुनी दाबली ते खाली कळायचं कसं?"

"हॉटेल कुनाचं हाय रं?"

"तुमचं."

"मग वढ तार!"

जोतीरामनं रागारागानं तार ओढली आणि निघून गेला. नाथाजीला खूण शिकवली हंबीररावांनीच: एक घंटी झाली की लाकडं घालायची, दोन झाल्या की जाळ बाहेर ओढायचा, तीन झाल्या की वर यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीचे नानासो वकील मोरीत शिरले आणि त्यांनी एकदा बटण दाबलं. त्याच दमात शेजारच्या मोरीतून तासगावच्या अंबूबाईंनीही एकदाच दाबलं. खाली घंटी दोनदा वाजली. नाथाजीनं उचललेलं लाकूड खाली ठेवलं आणि जाळ ओढून घेतला.

पाणी कोमट झालं. दोघांनी पुन्हा बटणं दाबली. पुन्हा दोन! पाणी फारच कढत झालं असणार, असं समजून नाथाजीनं निखाऱ्यांवर बादली ओतली. दोघांनी परत बटणं दाबली, त्याच वेळी तिसऱ्या मोरीतल्या भाऊसोंनीही दाबलं आणि तीन घंट्या झाल्या. नाथाजी हात पुसत पायऱ्या चढू लागला.

इकडं वकील डोक्याला साबण तसाच ठेवून, पंचा गुंडाळून गल्ल्यापुढं उभे. "हंबीरराव, थट्टा चालवलीय का? बटण दाबावं तसं पाणी गार होतंय!"

दाराआडून अंबूबाई कडाडल्या, "आवं, डोळ्यात साबण गेलाय माज्या! आत्ताच्या आत्ता वळकटी बांधून समोरच्या हॉटेलात जातो आमी!"

समोरच्या हॉटेलाचं नाव निघताच हंबीररावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "थांबा, त्या नाथ्याचं टकुरंच फोडतो!" म्हणत ते मागच्या घसरणीच्या वाटेनं धावत खाली गेले. त्यामुळं पायऱ्यांनी येणारा नाथाजी त्यांना दिसलाच नाही.

खाली नुसता धूर आणि राखेचा चिखल. नाथाजीचा पत्ता नाही. हंबीररावांनी रॉकेल ओतून लाकडं पेटवली, तोच डोक्यावर घंटी घणघणली. एकदा, दोनदा, चारदा.

"अरं, पेटू तरी दे की मुडद्या!" त्यांनी घंटीवर मूठ उगारली. फुंकून फुंकून गाल दुखले, मिशा होरपळल्या, धोतराला भोक पडलं.

मग घंटी गप्प झाली. थोड्या वेळानं एकदाच वाजली. हंबीररावांनी शिव्या हासडत लाकडं घातली. बऱ्याच वेळानं अगदी बेतशीर दोन घंट्या झाल्या. त्यांनी जाळ ओढला. मग तीन.

कुणाची ही हिंमत, म्हणून ते हातातलं लाकूड तसंच घेऊन वर गेले. गल्ल्याच्या खुर्चीवर नाथाजी बसला होता. त्याचा एक हात बटणावर, दुसरा भिंतीवरून मोऱ्यांकडं जाणाऱ्या कढत पाण्याच्या नळावर. समोर वकील स्वच्छ न्हाऊन चहा पीत होते. अंबूबाई केस वाळवत होत्या.

"हंबीरराव, यालाच बसवत जा इथं," वकील म्हणाले. "बाकीच्यांना बटणाला हात लावू दिला नाही त्यानं. काय झकास पाणी आलं! आणि खालचा तुमचा नवा माणूसही बरा दिसतो. सांगितलं तेवढंच करतो."

हंबीररावांच्या काळ्याठिक्कर तोंडाकडं पाहून नाथाजी धडपडत उठला. "मालक, तुमी व्हता खाली? मला वाटलं जोतीराम हाय! तीन घंट्या झाल्या म्हनून मी वर आलो, तर पावन्यांनी हितंच धरून बसीवलं."

हंबीररावांनी लाकूड वर उचललं. एवढ्यात तिसऱ्या मोरीतून भाऊसो ओरडले, "आवं, माझी आंघुळ ऱ्हायली की!"

नाथाजीनं भीतभीत नळ चाचपला. "मालक, वाईच गार हाय. येक घंटी द्यू का?"

सगळे हंबीररावांकडं बघत होते. त्यांनी दात खाल्ले, लाकूड खांद्यावर टाकलं आणि पाय आपटत पायऱ्या उतरू लागले.