बकविस

लेबलभाऊंना त्या बैठकीत नुसतं गप्प बसायचं होतं. तेवढं जमलं असतं तर सासरे दुखावले नसते, बायको न बोलता कामावर गेली नसती आणि भाऊंना पन्नाशीच्या उंबरठ्यावर स्वतःची एवढी लाजही वाटली नसती. पण मुख्य ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "दारातल्या फळ्यावर या वेळी काय लावायचं?" आणि भाऊंचा हात वर गेला. (हात वर गेल्यावर काय बोलायचं, याचा विचार ते नेहमी मागाहून करत.)

लेबलभाऊ हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. वाचनालयात नवं पुस्तक आलं की ते कुठल्या कपाटात जाणार हे ठरवायचं, त्याच्या पाठीवर नंबराचं लेबल चिकटवायचं आणि ते सरळ चिकटलंय का हे एक डोळा मिटून बघायचं, हे काम ते सव्वीस वर्षं करत होते. इतक्या वर्षांत ही सवय पुस्तकांपुरती राहिली नव्हती. माणूस भेटला की दोन मिनिटांत त्यालाही ते एका कपाटात ठेवून मोकळे होत. कपाट चुकलं तरी त्या माणसाला कळत नसे, म्हणून सगळं सुरळीत चाललं होतं.

"थोरांचे स्वभाव," भाऊ म्हणाले. "बारा नामवंत माणसं घ्यायची, त्यांची शास्त्रशुद्ध स्वभावचाचणी करायची आणि प्रत्येकाचा प्रकार फळ्यावर लावायचा."

"पण ती माणसं तर हयात नाहीत," बाई म्हणाल्या.

"त्यामुळे कुणाची हरकत येणार नाही."

बाईंनी शुक्रवारपर्यंतची मुदत दिली आणि बैठक संपली.

भाऊंच्या डोक्यात हे आलं होतं एका देणगीत आलेल्या जाड पुस्तकावरून. जगातल्या सगळ्या माणसांचे मिळून सोळाच प्रकार आहेत, असं त्या पुस्तकाचं म्हणणं होतं. ते वाचून भाऊंना गहिवरून आलं. सोळाच कपाटं, आणि त्यात अख्खी मानवजात. शेवटी सत्तर प्रश्नांची चाचणी होती. प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरं: 'हो', 'नाही' आणि 'सांगता येत नाही'. भाऊंनी प्रकारांना आपली अशी आटोपशीर अक्षरं दिली. अंतर्मुख तो 'अ', बहिर्मुख तो 'ब'. तपशिलात रमणारा 'त', कल्पनेत रमणारा 'क'. भावनेने चालणारा 'भा', विचाराने चालणारा 'वि'. शिस्तीचा तो 'श' आणि सवडीचा तो 'स'. चार अक्षरं जोडली की माणूस तयार.

अडचण पहिल्याच थोरापाशी आली. जग जिंकायला निघालेला एक सम्राट होता. (नाव कशाला सांगा, त्याच्या सैन्याला अजून अभिमान असेल.) पहिला प्रश्न होता, 'रांगेत उभे असताना तुम्ही अनोळखी माणसाशी बोलता का?' भाऊंनी सम्राटाची तीन चरित्रं चाळली. सम्राट आयुष्यात रांगेत उभाच राहिला नव्हता. दुसरा प्रश्न, 'फोन वाजला की तुम्ही दुसऱ्या कुणी उचलायची वाट पाहता का?' इथे तर चरित्रकारांनी अक्षम्य हलगर्जीपणा केला होता.

मग भाऊंना युक्ती सुचली, आणि सुचली तेव्हा ते खुर्चीतून उठून दोनदा येरझारा घालून आले. प्रत्येक थोर माणसासाठी त्याच्यासारखा एक जिवंत नमुना शोधायचा आणि त्याच्यावरून प्रश्न सोडवायचे. सम्राटासाठी इमारतीचे सेक्रेटरी. नवा खंड शोधणाऱ्या दर्यावर्दीसाठी सासरे, कारण ते कोपऱ्यावर वर्तमानपत्र आणायला जात ते तीन तासांनी कुठल्या कुठे जाऊन येत. आणि रात्रंदिवस प्रयोग करून जगाला थक्क करणाऱ्या शास्त्रज्ञ बाईसाठी स्वतःची बायको. एकोणीस वर्षांचा संसार म्हटल्यावर हा कागद तर डोळे मिटून भरता येईल.

प्रत्येक कागदाच्या पुढच्या बाजूला भाऊंनी लिहिलं, 'नमुना' आणि 'प्रकार'. थोर माणसाचं नाव मागच्या बाजूला, पेन्सिलीने, बारीक.

आता सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. त्यांच्या घराला रंग लागत होता म्हणून ते पंधरा दिवस लेकीकडे राहायला आले होते. उमेदीची चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती. निवृत्तीनंतरही त्यांच्या खिशात लाल पेन्सिल असे आणि समोर येईल तो मजकूर ते तपासत. औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, विजेचं बिल, लिफ्टमधली पाटी, काहीही. जावयाची पत्रंही त्यांनी पूर्वी तपासून परत पाठवली होती.

अशा माणसाच्या घरातल्या वावराचा विचार न करता भाऊ बुधवारी फाईल जेवणाच्या टेबलावर विसरले. गुरुवारी सकाळी ते दाढी करून बाहेर आले, तर सासरे खुर्चीत ताठ बसले होते आणि समोर एकच कागद होता. बायको डबा भरता भरता थांबली होती.

"जावईबापू," सासरे शांतपणे म्हणाले, "शुद्धलेखनाची एकच चूक आहे. दुरुस्त केली आहे."

भाऊंनी कागद पाहिला. 'नमुना: सासरे. प्रकार: बकविस.' त्यातल्या 'वि'ची वेलांटी लाल पेन्सिलीने खोडून तिथे ठळक काना दिलेला होता.

"बकविस असा शब्द मराठीत नाही," सासरे म्हणाले. "तुम्हांला बकवास म्हणायचं असणार. बाकी मजकुरात मी हात घातलेला नाही. मतं लेखकाची असतात."

"बाबा, नाही हो," भाऊ घाईघाईने म्हणाले. "ते बकविसच आहे. म्हणजे तुम्ही बकविसच आहात."

"तेच मी वाचलं."

"ती अक्षरं आहेत. 'ब' म्हणजे बहिर्मुख, 'क' म्हणजे कल्पनेत रमणारे, 'वि' म्हणजे विचाराने चालणारे. हा फार मोठ्या माणसांचा प्रकार आहे."

"आणि 'स'?"

भाऊ इथे थांबले असते तर निभावलं असतं. पण सव्वीस वर्षांचं वर्गीकरण आडवं आलं. "'स' म्हणजे सवडीचा. म्हणजे वेळेचं ज्यांना तसं... सावकाश करणारे."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. बकवास म्हटल्यावरही तो इतका उतरला नव्हता. "चाळीस वर्षांत," ते म्हणाले, "एकही मुद्रित मी उशिरा दिलं नाही. माझं लग्न होतं त्या दिवशीसुद्धा सकाळी आठ पानं देऊन मग गेलो होतो." आणि ते उठले. "आज संध्याकाळी मी माझ्या घरी जातो. रंग ओला असला तरी भिंतीला टेकलो नाही म्हणजे झालं."

भाऊंना त्या क्षणी टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं. वडिलांच्या मागे या माणसाने त्यांना मुलासारखं वागवलं होतं, आणि त्यांनी त्याला चार अक्षरांत गुंडाळून फाईलला लावलं होतं.

"बाकीचे नमुने कोण आहेत?" बायकोने विचारलं.

"कोणी नाही. सेक्रेटरी आहेत."

"आणि?"

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते. समोरच्याला दिसत नसतानाही तो दिसतं म्हणतोय, हे तिला त्याच्या मानेवरून कळतं. तिने फाईल ओढली आणि दुसराच कागद तिच्या हाती आला. 'नमुना: बायको. प्रकार: अ', आणि पुढे तीन कोऱ्या जागा.

ती उभ्या उभ्या वाचू लागली. "अचानक पाहुणे आले तर तुम्हांला आनंद होतो का? सांगता येत नाही. एकटं फिरायला आवडतं का? सांगता येत नाही. ठरलेला बेत मोडला तर त्रास होतो का? सांगता येत नाही." पुढचं ती मनात वाचत गेली, बोटाने एकेक ओळ मोजत. "त्रेचाळीस," ती शेवटी म्हणाली. "सत्तरपैकी त्रेचाळीस."

"ते पुस्तकच म्हणतं की खात्री नसेल तर..."

"सेक्रेटरींचे किती?"

सेक्रेटरींच्या कागदावर 'सांगता येत नाही' फक्त चार ठिकाणी होतं. ती फाईलमध्ये बघणारच होती, आणि तिने बघितलं. मग तिने कागद होता तसा ठेवला, डबा पिशवीत घातला आणि गेली. दारही नेहमीसारखंच लावलं, आपटलं नाही. आपटलं असतं तर भाऊंना बरं वाटलं असतं.

त्यांनी कागद पुन्हा पुढ्यात ओढला. आता तरी भरू, म्हणून पेन घेतलं. एकटं फिरायला आवडतं का? ते आठवू लागले आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला खरंच माहीत नाही. माहीत नाही, हेही आज कळलं. पुस्तकाचं पान फाटलं तर ज्याला झोप येत नाही त्या माणसाने हा कागद चार दिवस असाच ठेवला होता आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आपण फार हलके आहोत, असं त्यांना मनापासून वाटलं.

"माझं जाऊ द्या," सासरे आतल्या खोलीच्या दारातून म्हणाले. त्यांच्या हातात घडी घातलेला सदरा होता. "माझ्या कागदावर निदान मजकूर तरी आहे. तिचा कागद कोरा आहे. कोऱ्या जागा ठेवून मी कधी पान पुढे जाऊ दिलं नाही. आधी ते भरून आणा. तोवर मी बॅग भरत नाही."

भाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा वाचनालयाला अर्ध्या दिवसाची रजा कळवली, कागद खिशात घातला आणि चष्म्याच्या दुकानात गेले.

तिथे बाकावर तीन माणसं बसली होती. भाऊ रांगेत चौथे बसले. मागून येऊन शेजारी बसलेले आजोबा बोलू लागले, पण भाऊ बोलले नाहीत. नंबर आल्यावर ते आत गेले, तर बायकोने वर न बघता खुर्ची दाखवली.

"मी तपासायला नाही आलो," भाऊ म्हणाले.

"इथे बसणाऱ्याचे डोळेच तपासतात. बाहेर लोक खोळंबलेत." तिने ती जड गोल चौकट त्यांच्या नाकावर ठेवली, त्यात काच सरकवली. "आता नीट दिसतंय की मघाशी?"

"सांगता येत नाही," भाऊ म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर त्यांनी जीभ चावली.

तिने दुसरी काच घातली. "शेवटची ओळ वाचा."

भाऊंना ओळ दिसेना. सगळी अक्षरं एकमेकांत मिसळली होती. "पाण्यात पडल्यासारखी दिसतायत," ते म्हणाले.

"डोळे पुसा आधी," बायको म्हणाली. "मग वाचा."

त्यांनी चौकटीच्या खालून रुमाल घालून डोळे पुसले. मग भिंतीवरची अक्षरं न वाचता खिशातला कागद काढला. "मला लाज वाटतेय," ते म्हणाले. "मला माहीत असायला हवं होतं. नाही माहीत. सांगशील?"

ती स्टूल ओढून समोर बसली. "विचारा."

"एकटं फिरायला आवडतं का?"

"आवडतं. शनिवारी मी दोन थांबे आधी उतरते आणि चालत येते."

भाऊंचा आ वासला. शनिवारची बस रोजच्यापेक्षा वीस मिनिटं उशिरा येते म्हणून त्यांनी बस कंपनीला दोन तक्रारअर्ज पाठवले होते. गाडी वेळेवर असल्याचं दोन्ही वेळा उत्तर आलं होतं, आणि त्यावर तिसरा अर्ज घरी लिहून तयार होता.

"ठरलेला बेत मोडला तर?"

"त्रास होतो. तुम्ही मोडलात तर जास्त."

"पाहुणे अचानक आले तर?"

"तुमचा चेहरा खुलतो म्हणून मी काही म्हणत नाही. मला नाही आवडत."

त्यांनी पेनने 'सांगता येत नाही' खोडलं आणि लिहिलं. चौकटीतल्या काचांमुळे ओळी वर-खाली जात होत्या, पण ते लिहीत गेले. पंधराव्या प्रश्नाला ती एकदा हसली. पंचविसाव्याला तिने असं काही सांगितलं की भाऊ लिहायचे थांबून नुसते ऐकत राहिले. सदतिसावा प्रश्न होता, 'स्वतःविषयी बोलायला तुम्हांला आवडते का?'

"कोणी विचारलं तर," बायको म्हणाली.

या उत्तराला कागदावर तीनपैकी कुठलाच रकाना नव्हता. भाऊंनी ते समासात लिहिलं. मग उरलेले सहाही प्रश्न विचारून झाले. शेवटी तिची चार अक्षरं कुठली झाली हे काढायचं त्यांना सुचलंच नाही.

तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि मघाचे आजोबा आत डोकावले. ते घरी जाऊन, जेवून परत आले होते. खुर्चीत अजून भाऊच, नाकावर ती चौकट आणि लाल झालेले डोळे, हे बघून आजोबांना दया आली.

"बाई," ते हळूच म्हणाले, "यांचा नंबर फारच वाढलेला दिसतोय."

"एकोणीस वर्षं तपासलाच नव्हता," बायको म्हणाली. "आता जवळचं तर त्यांना अजिबातच दिसत नाही."